दंड भरून पुढे जाणारी गाडी

माझ्या एका स्नेह्याला रस्ता ओलांडताना मोटारीनं उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घालावी लागली, पाच महिने तो घरात पडून होता. धडक देणारा माणूस पळून गेला नाही. त्यानंच उचलून रुग्णालयात नेलं. पहिले आठ-दहा दिवस तो रोज यायचा, पलंगाशी उभा राहून ‘काही लागलं तर नि:संकोच सांगा’ म्हणायचा. मग कागदपत्रांचा विषय निघाला आणि त्याच्या गाडीचा विमा सात महिन्यांपूर्वीच संपल्याचं कळलं. हळूहळू त्याचं येणं कमी झालं, मग थांबलं. दावा लावला, निकाल स्नेह्याच्या बाजूनं लागला. रक्कम ठरली, व्याज ठरलं, हुकूमनामा हातात आला. तो आजही कपाटात, एक्स-रेच्या फिल्मांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला आहे. त्या माणसाकडे भाड्याचं घर होतं, बेताची नोकरी होती आणि ती गाडी होती. वसुली करायची तरी कशातून?

तो माणूस दुष्ट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. विमा नसलेल्या वाहनचालकांबद्दल बोलणं सुरू झालं की आपण सहज ‘अशांना तुरुंगात टाका’वर येतो. पण त्याला वर्षभर आत टाकलं असतं तरी माझ्या स्नेह्याच्या औषधाचं एक बिलही भागलं नसतं, उलट नोकरी गेल्यामुळे उरलीसुरली आशाही संपली असती. अपघात झाल्यानंतरची शिक्षा कितीही कडक असली तरी ती जखमी माणसाच्या कामाची नसते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की या प्रश्नात कायद्याचा सगळा जोर अपघाताच्या आधी लागला पाहिजे, आणि तो चालकाच्या खिशावर लागण्याआधी गाडीच्या चाकावर लागला पाहिजे. बिनविम्याची गाडी रस्त्यावर असूच नये. ती असते, सापडते आणि दंड भरून तशीच पुढे जाते, हे आपण फार सहजपणे चालवून घेतलं आहे.

तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा विमा, सक्तीचा का झाला, याची आठवण इथं उपयोगी आहे. स्वत:च्या गाडीचा, स्वत:च्या जिवाचा विमा काढायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण रस्त्यावर गाडी आणणारा माणूस अनोळखी लोकांच्या अंगावर एक धोका घालत असतो, आणि त्या लोकांनी त्याला संमती दिलेली नसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९२७ पासून विम्याची सक्ती केली, ब्रिटननं १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यानं केली, भारतात ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आली. मोटारी वाढल्या तशी न्यायालयांत एकच गोष्ट पुन:पुन्हा दिसू लागली होती: चूक सिद्ध होते, भरपाईचा आदेश होतो आणि भरपाई द्यायला कुणाकडे पैसे नसतात. विम्याचा हप्ता म्हणजे या अनोळखी माणसासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेली रक्कम. ज्यानं ती भरली नाही, त्यानं सरकारचा नियम मोडला हे खरंच, पण त्याआधी रस्त्यावरच्या प्रत्येक चालत्या माणसाचं देणं बुडवलं.

हे देणं बुडवण्याची किंमत कायद्यानं काय ठरवली आहे, ते आता पाहू.

भारताचंच उदाहरण घेतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनविमा वाहन चालवल्यास पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे. त्याआधी हा दंड १,००० रुपये होता, म्हणजे दुप्पट झाला म्हणून समाधान मानता येईल. पण २०२२ मध्ये ठरलेले तृतीय पक्ष विम्याचे दर शेजारी ठेवून बघा. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारीचा ७,८९७ रुपये. चाळीस टनांहून जड मालवाहू ट्रकचा ४४,२४२ रुपये. ट्रकच्या धडकेनं काय होतं हे वेगळं सांगायला नको, आणि तरी त्या ट्रकलाही पहिला दंड तेवढाच, २,००० रुपये. मालकानं वर्षातून एकदा पकडलं जाण्याची पक्की तयारी ठेवली, तरी विमा न काढण्यात त्याचे चाळीस हजारांहून अधिक रुपये वाचतात. सर्वांत मोठी इजा करू शकणाऱ्या वाहनाला विमा बुडवणं सर्वांत फायद्याचं, असं हे गणित आहे. दुचाकीच्या बाबतीत ते उलटं आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा हप्ता ७१४ रुपये आणि दंड त्याच्या जवळपास तिप्पट. आणि तरीही विमा नसलेल्या वाहनांत दुचाकींचाच भरणा मोठा आहे.

या शेवटच्या गोष्टीवर मी बराच विचार केला आहे, कारण दंड वाढवला की प्रश्न सुटतो या समजुतीला ती छेद देते. दुचाकीवाल्याला दंड हप्त्याहून महाग पडतो आणि तरी तो विमा काढत नाही, कारण दंड होईल असं त्याला वाटतच नाही. माणूस दंडाचा आकडा बघून वागत नाही, गेल्या वर्षभरात आपल्याला कुणी अडवलं का हे बघून वागतो. पाच वर्षांत एकदा अडवलं जाणार असेल, तर दंडाचा आकडा मनातल्या मनात पाचानं भागला जातो. ब्रिटनमध्येही हीच तक्रार जुनी आहे. तिथं बिनविमा गाडी चालवल्यास जागच्या जागी ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ दंडगुण लागतात, प्रकरण न्यायालयात गेलं तर दंडाला मर्यादा नाही. पण कोवळ्या वयाच्या चालकाचा वर्षाचा हप्ता हजार पौंडांच्या पुढे जातो, आणि न्यायालय दंड ठरवताना आरोपीची कमाई बघतं. मग दंड हा स्वस्तातला हप्ता होऊन बसतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तर ही गोष्ट कायद्यातच उघडपणे लिहिलेली होती. नोंदणीच्या वेळी ५०० डॉलर भरले की विम्याशिवाय गाडी चालवायची मुभा मिळे. त्या पैशानं चालकाला कसलंही संरक्षण मिळत नसे, आणि त्याच्या गाडीखाली आलेल्याला त्यातून थेट काही मिळत नसे. १ जुलै २०२४ पासून ही सोय बंद झाली, हे चांगलंच झालं. पण जिथं दंड हप्त्याहून कमी आहे आणि दंड भरून गाडी पुढे जाऊ दिली जाते, तिथं नाव वेगळं असलं तरी व्यवहार तोच चालू आहे.

गाडी पुढे जाऊ देण्याचं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पोलीस हात दाखवतो, गाडी कडेला लागते. कागद मागितले जातात. चालक मोबाइल चाळतो, मग समोरचा कप्पा उघडतो, मग कुणाला तरी फोन लावतो. पॉलिसी संपून महिना झालेला असतो. ‘आजच भरतो साहेब’ असं म्हणून होतं, पावती फाटते, पोलीस बाजूला होतो आणि गाडी निघते. ज्या कारणासाठी तिला थांबवलं ते कारण जसंच्या तसं आहे. पुढच्या वळणावर कुणी तिच्याखाली आलं तर त्या माणसासाठी त्या पावतीचा उपयोग शून्य. ब्रेक निकामी झालेली गाडी आपण दंड घेऊन सोडून देऊ का? बिनविम्याची गाडी माझ्या मते त्याच वर्गातली आहे. तिच्यातला बिघाड डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

ब्रिटननं २००५ मध्ये कायदा बदलून पोलिसांना बिनविम्याची गाडी तिथल्या तिथे उचलून नेण्याचा अधिकार दिला. विमा काढल्याचा पुरावा आणायचा, उचलण्याचं आणि ठेवण्याचं भाडं भरायचं, मगच गाडी परत. ठरलेल्या मुदतीत कुणी आलं नाही तर ती विकली जाते किंवा चेपून भंगारात काढली जाते. दंडाच्या तुलनेत याचा गुण असा, की श्रीमंत आणि गरीब दोघांनाही ते सारखंच झोंबतं. दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा: धोका त्या क्षणी रस्त्यावरून उठतो.

पण रस्त्यावर अडवण्याची ताकद कुठल्याही पोलीस दलाकडे मर्यादितच असणार. म्हणून खरं काम कार्यालयात व्हायला हवं. गाड्यांची नोंद एका यादीत असते, चालू पॉलिस्यांची दुसऱ्या यादीत. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की विमा नसलेल्या गाड्या आपोआप उघड्या पडतात, कुणाला उन्हात उभं राहावं लागत नाही. ब्रिटननं २०११ पासून हेच केलं. तोपर्यंत बिनविम्याची गाडी चालवणं हा गुन्हा होता, तेव्हापासून बिनविम्याची गाडी बाळगणं हाच गुन्हा झाला. गाडी खरोखरच बंद ठेवायची असेल तर तसं लेखी कळवायचं. नाहीतर आधी सूचनेचं पत्र येतं, दुर्लक्ष केलं तर १०० पौंड दंड, तरीही हललं नाही तर चाकाला कुलूप किंवा खटला. या बदलाचं मोल मला फार वाटतं. पकडला जाण्याचा प्रश्न नशिबावरून उठून यादीवर आला. तिथल्या मोटार इन्शुरर्स ब्युरो या विमा कंपन्यांच्या खर्चानं चालणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास वीस लाखांच्या घरात असलेली बिनविमा चालकांची संख्या पुढच्या दहा-बारा वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. सगळं श्रेय एकट्या या उपायाला देता येणार नाही, पण नुसत्या दंडावर विसंबून असताना असं काही घडलं नव्हतं.

जर्मनीची पद्धत त्याहून नेटकी आहे. तिथं विम्याचा क्रमांक दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही, आणि हप्ता थकून पॉलिसी रद्द झाली की विमा कंपनी नोंदणी कार्यालयाला कळवते, कार्यालय गाडी रस्त्यावरून काढायला लावतं. मधल्या काळात कुणी जखमी झालं तर? त्याचीही तजवीज आहे: कळवल्यानंतर एक महिन्यापर्यंत विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देणं टाळू शकत नाही. छोट्या मोपेडसाठी तर त्यांनी फारच साधी युक्ती काढली आहे. मोपेडची पाटी ही विम्याचीच पाटी असते आणि तिचा रंग दर वर्षी १ मार्चला बदलतो: काळा, निळा, हिरवा, पुन्हा काळा. मार्चच्या दुसऱ्या दिवशी जुन्या रंगाची पाटी दिसली की विमा नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही, शेजारच्या शाळकरी मुलालाही ते कळतं. फ्रान्सनं उलटी वाट धरली. काचेवर लावायचा विम्याचा हिरवा कागद तिथं १ एप्रिल २०२४ पासून बंद झाला आणि पोलीस थेट गाडीच्या क्रमांकावरून विमा तपासू लागले. चिठ्ठी खोटी लावता येते, संपलेली तशीच ठेवता येते. यादीशी तसं करता येत नाही.

यादीचेही धोके आहेत, आणि ज्यांना हे उपाय हवे आहेत त्यांनीच ते आधी बोलून दाखवले पाहिजेत. विमा कंपनीनं नोंद उशिरा केली, क्रमांकातलं एक अक्षर चुकलं, विकलेली गाडी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, कुणी दुसऱ्याचा क्रमांक आपल्या गाडीला लावला, तर प्रामाणिक माणसाच्या दारात कारवाई येऊन उभी राहते. म्हणून पत्र आधी, मुदत नंतर आणि कारवाई शेवटी, हा क्रम सोडता कामा नये. नोंद चुकल्यामुळे कुणाची गाडी उचलली गेली, तर तिचं भाडं आणि त्या दिवसाचं नुकसान चूक करणाऱ्यानं भरावं, मग ती कंपनी असो की कार्यालय. पॉलिसी विकल्यावर ठरावीक तासांच्या आत नोंद झालीच पाहिजे, असं बंधन कंपन्यांवर नसेल, तर गाडीवाल्यावर बंधन घालण्याचा नैतिक हक्क आपल्याला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबीचा. ज्याची रोजची भाकरी गाडीवर आहे त्याची गाडी उचलली तर घर बसतं, आणि हप्ता भरायला पैसे नाहीत म्हणून तर त्यानं विमा टाळलेला असतो. हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. त्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे: वर्षाची रक्कम एकदम मागणं चुकीचं आहे. महिन्याच्या हप्त्यानं विमा मिळायला हवा, आणि जखमी तिऱ्हाइतापुरता विमा कमीत कमी दरात, कुणालाही न नाकारता मिळायला हवा. पण उरलेला अर्धा भाग मला पटत नाही. गाडीखाली कोण येतं ते पाहा. पायी चालणारा, सायकलवाला, कडेला सामान मांडून बसलेला. तो गाडीवाल्याहून बहुतेक वेळा अधिक गरीब असतो, आणि त्याला निवड करायची संधीही मिळालेली नसते. इंधनाला पैसे आहेत, टायरला आहेत, विम्याला नाहीत असं ठरवणारा माणूस आपली अडचण दुसऱ्याच्या हाडांवर ढकलत असतो. गरिबाची दया करायची तर आधी या दुसऱ्या गरिबाची करायला हवी.

आणि सगळेच काही अडचणीमुळे विमा टाळत नाहीत. कितीतरी जण फक्त विसरतात. पहिल्या वर्षी विक्रेता गाडीबरोबरच पॉलिसी हातात ठेवतो, पुढच्या वर्षी आठवण करून देणारा संदेश शेकडो जाहिरातींच्या संदेशांत बुडून जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सुरुवातीलाच घ्यायला लावला, तो या विसराळूपणावर चांगला उतारा होता. पण पाच वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न येतो. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालातही विमा नसलेल्या वाहनांचं प्रमाण निम्म्याहून अधिक सांगितलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी विसरायची सोयच ठेवली नाही. तिथं गाडीची नोंदणी ठरावीक काळानं नव्यानं करावी लागते, आणि शारीरिक इजेचा सक्तीचा विमा त्या नोंदणीशीच बांधलेला असतो. तो नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. विसरणाऱ्याला दंड करण्यापेक्षा विसरणं अशक्य करणं केव्हाही बरं.

दोन उपाय मला चुकीचे वाटतात. पहिला कैदेचा, त्याबद्दल वर बोललोच आहे. वारंवार, जाणूनबुजून, धंदा म्हणून बिनविम्याच्या गाड्या चालवणाऱ्या मालकासाठी ती तरतूद असू द्यावी, पण नेहमीचं हत्यार म्हणून नको. दुसरा उपाय कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये लोकांचं मत घेऊन आणला: बिनविमा चालक स्वत: दुसऱ्याच्या चुकीनं जखमी झाला, तरी वेदना आणि मानसिक त्रासाबद्दलची भरपाई त्याला मिळत नाही. ऐकायला न्याय्य वाटतं, ‘तू वर्गणी भरली नाहीस, मग तुला वाटा नाही.’ पण यात सुटतो कोण? ज्यानं लाल दिवा तोडून धडक दिली, तो आणि त्याची विमा कंपनी. एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडातून वसूल करणं मला मान्य नाही.

काही देशांनी सगळा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातात जखमी झालेल्या प्रत्येकाला, चूक कुणाची हे न बघता, एका सार्वजनिक योजनेतून उपचार आणि बुडालेल्या कमाईचा मोठा भाग मिळतो. रस्त्यावरच्या अपघातांसाठीचा पैसा गाडीच्या परवाना शुल्कातून आणि पेट्रोलवरच्या आकारातून येतो. पेट्रोल भरलं की वर्गणी भरली गेली, मग बिनविमा कुणी उरतच नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण दक्षिण आफ्रिकेतही इंधनावरच्या करातून असाच अपघात निधी चालतो, आणि तो वर्षानुवर्षं देण्यांच्या ओझ्याखाली दबलेला आहे. म्हणजे केवळ पैसे गोळा होण्याची वाट बदलून भागत नाही, त्यांचं वाटप करणारी यंत्रणाही भरवशाची लागते. ती उभी राहीपर्यंत विम्याची सक्ती सोडता येणार नाही.

दंडाच्या पैशाचं काय होतं, याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. बहुतेक ठिकाणी तो सरकारी तिजोरीत जातो. फ्रान्समध्ये विम्याशिवाय गाडी चालवल्याबद्दलच्या दंडावर आणखी ५० टक्के रक्कम लावली जाते आणि ती थेट अपघातग्रस्तांच्या हमी निधीला मिळते. १९५१ मध्ये स्थापन झालेला हा निधी, धडक देणाऱ्याचा विमा नसेल किंवा तो सापडलाच नाही तर जखमी माणसाला आधी पैसे देतो आणि चालक हाती लागला की मागाहून त्याच्याकडून वसूल करत बसतो. ब्रिटनमध्ये १९४६ पासून असंच काम मोटार इन्शुरर्स ब्युरो करतो, पण त्याचा खर्च विमा कंपन्यांवर म्हणजे शेवटी विमा भरणाऱ्यांवर पडतो. नियम पाळणाऱ्यानं आपला हप्ता भरायचा आणि न पाळणाऱ्याचाही, हा अन्याय आहे. तो पूर्ण मिटणार नाही, पण दंडाचा निदान ठरावीक हिस्सा त्या निधीत वळता करणं कुठल्याही सरकारला एका दुरुस्तीनं जमण्यासारखं आहे. वसुलीची दगदग जखमी माणसाच्या डोक्यावरून निधीच्या डोक्यावर जाते, हा त्याहून मोठा फायदा. निधीला वकील असतात, वेळ असतो. कुबड्या घेऊन तारखांना जाणाऱ्या माणसाला यांतलं काहीच नसतं.

आणि अपघात होऊनच गेला असेल तर? तेव्हा हाताशी एकच वस्तू उरलेली असते, ती म्हणजे गाडी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं, की अपघातातलं वाहन विमा नसलेलं असेल तर मालकानं भरपाईपुरतं तारण दिल्याशिवाय ते सोडू नये, आणि मुदतीत तारण आलं नाही तर त्याचा लिलाव करून रक्कम भरपाईच्या दाव्यासाठी जमा करावी. इतका साधा आणि नेमका उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. त्यातून पूर्ण भरपाई होणार नाही, पण उपचाराचा काही भाग नक्की निघेल. माझ्या स्नेह्याला धडक देणारी गाडी चौथ्या दिवशी सुटली होती. दावा दाखल होईपर्यंत ती विकूनही झाली होती.